येळवशीची भज्जी आणि जगाचा बाजार : धाराशिवच्या एका एकराचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील गावे ओस पडतात. घरांना कुलपे लागतात आणि सारे गाव शिवारात जमते. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारली जाते, तिच्यात पाच पांडव मांडून काळ्या मातीची पूजा होते. मग पंगत बसते. बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील आणि भज्जी. हीच वेळा अमावस्या. गावच्या बोलीत येळवस.

२/
भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि बेसन यांचा तो दाट रस्सा असतो. हंगामात शिवारात जे जे हिरवे उभे असे, ते त्यात पडे. भज्जी म्हणजे त्या वर्षीच्या पीकपेऱ्याची खाण्याजोगी नोंदच होती.
आज अनेक घरांत भज्जीची भाजी बाजारातून विकत आणली जाते. शिवार पिकत नाही असे नाही. पण त्यात जे पिकते, ते ताटात येत नाही. हा बदल समजून घ्यायचा तर दोन हजार वर्षे मागे जावे लागते. हा धागा त्यासाठी.

३/
प्रारंभ तेरपासून. तेरणा नदीकाठचे हे गाव आज गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र त्याची ओळख ‘तगर’ अशी होती, आणि ती रोमन साम्राज्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाचा अनाम लेखक सांगतो की भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगर म्हणजेच तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये पटवून दिली.

४/
तगरहून काय जात असे? कापड. साधे जाडेभरडे कापड पुष्कळ, शिवाय तलम मलमल. रस्ते नसलेल्या मुलखातून बैलगाड्यांनी हा माल भडोचला पोहोचे आणि तेथून समुद्रमार्गे पश्चिमेस जाई.
या व्यापाराचे धागे किती दूरवर होते हे एका लहानशा वस्तूवरून कळते. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात मिळाली. पुढे शिलाहार राजे स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. तगरचे वैभव ओसरल्यावरही नावाची पत टिकली होती.

५/
येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पेरिप्लस मालाची यादी देतो, अंतर देतो, बंदरांची नावे देतो. कापूस कोणी पिकवला, सूत कोणी कातले, त्यांना काय मिळाले, यावर तो गप्प आहे. त्यात लेखकाचा दोष नाही. तो व्यापाऱ्यांसाठी लिहीत होता. पण जगाच्या बाजाराची कागदपत्रे बहुधा विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिली जातात, ही सवय तेव्हापासूनची आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा दिसेल.

६/
आता थेट एकोणिसाव्या शतकात. हैदराबाद संस्थानाकडे ब्रिटिशांच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली होती. तिच्या वसुलीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. वऱ्हाड हवे होते ते कापसासाठी. धाराशिवचा मुलूख त्याच्या सोबत आला. या भागाचा कारभार नळदुर्गच्या किल्ल्यातून चाले आणि तेथे अधिकारी म्हणून नेमला गेला फिलिप मेडोज टेलर. ठगांवरील कादंबरीमुळे तो इंग्लंडात आधीच प्रसिद्ध होता. तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली ‘तारा’ ही कादंबरी त्याने पुढे १८६३ मध्ये प्रसिद्ध केली.

७/
टेलरने जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते आखले, सारा ठरवण्याची नवी पद्धत बसवली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मोजणीचे दोन अर्थ होते. जमिनीवरचा हक्क कागदावर आला, हा पहिला. सारा रोख पैशात आणि ठरलेल्या दिवशी भरणे भाग पडले, हा दुसरा. रोख पैसा हवा तर विकले जाणारे पीक हवे. पेवातली ज्वारी पोट भरते, पण साऱ्याची तारीख ती पाळत नाही.

८/
‘पेव’ म्हणजे जमिनीखाली खोदलेले धान्याचे कोठार. दोन-तीन वर्षांची ज्वारी त्यात टिकत असे. उघडल्यावर आतला कोंदट वायू निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला.
पेव ही दुष्काळाविरुद्धची गावाची स्वतःची तजवीज होती. रोखीचा व्यवहार जसा वाढला, तसे साठवण्यापेक्षा विकणे अपरिहार्य होत गेले. आणि विकले की भाव ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो.

९/
१८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र ब्रिटिशांनी ठेवून घेतले. योगायोग असा की त्याच वर्षी हजारो मैल दूर, हॉलंडमध्ये एक कादंबरी प्रसिद्ध झाली. नाव ‘मॅक्स हावेलार’. लेखक ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने लिहिणारा एडवर्ड डाउवेस डेकर, जावा बेटावरील माजी डच अधिकारी. जावात १८३० पासून डच सरकारने शेतकऱ्यांवर सक्ती केली होती की जमिनीचा ठरावीक हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यावा. भाव सरकार ठरवी. भातशेती मागे पडली आणि १८४० च्या दशकात मध्य जावात मोठी उपासमार झाली.

१०/
बंगालमध्येही याच सुमारास, १८५९-६० मध्ये, निळीच्या सक्तीविरुद्ध रयत उभी राहिली. जावा, बंगाल, वऱ्हाड. प्रदेश वेगळे, राज्यकर्ते वेगळे, प्रश्न एकच : शेतात काय पेरायचे हे कोण ठरवणार?
धाराशिवमध्ये निळीसारखी सक्ती नव्हती. तेथे दडपण आणले ते बाजाराने. दडपणाचा हा दुसरा प्रकार अधिक सौम्य दिसतो, म्हणून ओळखायला अधिक कठीण असतो.

११/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार स्वतःहून कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. कर्ज तेवढे उरले. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्यांची कारणे शोधताना कापसाच्या तेजीमंदीचा उल्लेख टाळता येत नाही. व्हर्जिनियातल्या शरणागतीचा परिणाम भीमेच्या खोऱ्यात दिसला, तो असा.

१२/
धाराशिवचा माल कोठे जाई? मुख्यतः बार्शीला. बार्शी ब्रिटिश मुलखात, भोवती निजामाचा मुलूख. मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत अरुंद मापाची ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावू लागली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. गाडी छोटी होती, तिने बदललेला भूगोल मोठा होता. ज्या गावांचा माल पूर्वी बैलाच्या चालीने फिरे, ती गावे मुंबईच्या बंदराला जोडली गेली. दुष्काळात धान्य आत येण्याची सोय झाली, तशी सुकाळात धान्य बाहेर जाण्याचीही.

१३/
बाजाराचे नियम कोणासाठी झाले, हेही पाहण्यासारखे आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. प्रेरणा मुख्यतः एकच : गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात मिळावा. हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजाराचा कायदा १९३० मध्ये केला आणि महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा.

१४/
या कायद्यांनी शेतकऱ्याचे काहीच भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी होणारा सौदा ही जुनी रीत होती. मालाचा धनी समोर उभा असे आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला कळत नसे. नियंत्रित बाजाराने उघड लिलाव आणला, वजनमापे तपासली, कटती आणि धर्मादायासारख्या वजावटींना लगाम घालण्याचा प्रयत्न केला. पण खरेदीदार थोडे आणि विकणारे हजारो, ही मूळ विषमता तशीच राहिली. पुढे अनेक ठिकाणी परवानाधारक अडत्यांचा गट हाच नवा दरवाजा झाला.

१५/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९६० मध्ये जिल्हा महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये त्यातून लातूर वेगळा झाला. या काळात ज्वारी हेच जिल्ह्याचे मुख्य अन्न होते. तिच्या ओळींमध्ये तुरीचे, अंबाडीचे पाटे, बांधाला करडई, जवस, कारळे. एक पीक हुकले तर दुसरे हाती लागे. या मिश्र पेरणीत वर्षभराच्या जेवणाचा हिशेब होता : धान्य, डाळ, तेल, पालेभाजी आणि जनावरांचा कडबा.

१६/
मग १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षीच्या आठवणीत दोन शब्द कायमचे कोरले गेले आहेत : सुकडी आणि मिलो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ज्या प्रदेशाची भाकरी पांढऱ्याशुभ्र मालदांडी ज्वारीची, तेथे माणसे रेशनच्या रांगेत उभी राहून मिलो घेत होती. तिची भाकरी धड थापता येत नसे. तरी तिने जीव वाचवले, हे नाकारता येत नाही. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा जन्माला आला, तो १९७७ मध्ये संमत झाला. जे देशाला पुढे २००५ मध्ये सुचले, त्याचा पाया महाराष्ट्रातील खडी फोडणाऱ्या हातांनी घातला होता.

१७/
त्यानंतरच्या दशकांत संकरित बियाणे, विहिरी, ऊस आले. ढोकीचा तेरणा साखर कारखाना जिल्ह्याच्या राजकारणाचाही केंद्रबिंदू झाला. १९९० च्या दशकापासून खरिपात सोयाबीन पसरत गेले. कारणे पक्की होती. पीक लवकर हाती येते, पाखरे खात नाहीत, काढणी यंत्राने होते, रोख पैसा मिळतो. मजुरी परवडत नसलेल्या शेतकऱ्याने सोयाबीन निवडले यात मूर्खपणा नव्हता. हिशेब होता.

१८/
पण सोयाबीन घरात शिजत नाही. ते तेलगिरणीत जाते, तेल वेगळे होते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीला जाते. त्यामुळे त्याचा भाव लातूरच्या आडतीवर पुकारला जात असला, तरी तो घडतो ब्राझीलच्या पावसावर, शिकागोच्या वायदेबाजारावर, इंडोनेशियाच्या पामतेलावर आणि दिल्लीच्या आयातशुल्कावर. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. शुल्क एका अधिसूचनेने खालीवर झाले की उमरग्याच्या शेतकऱ्याची दिवाळी बदलते.

१९/
२०२१ चे उदाहरण घ्यावे. त्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला १० हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. तोवर बहुतेक लहान शेतकऱ्यांचा माल विकून झाला होता. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीस मुभा दिली. कुक्कुटपालन करणाऱ्यांना महाग खाद्य परवडत नव्हते, त्यांचीही बाजू खरी होती. पण नवा माल बाजारात आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर आले होते. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या दिवसांत बाजारातला भाव बहुतांश त्याच्या खाली. १८६५ च्या कापसाची आठवण करून देणारा हा प्रसंग आहे. माल गावातला, भाव जगातला, जोखीम मात्र एकट्या शेतकऱ्याची.

२०/
जगात इतरत्र या अन्यायाला उत्तर शोधले जात होते. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये कॉफीच्या पुड्यावर एक शिक्का आला. मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी, किमान भावाच्या हमीसह. शिक्क्याचे नाव होते ‘मॅक्स हावेलार’. होय, तीच १८६० ची कादंबरी. जावाच्या शेतकऱ्याची व्यथा सांगणारे पुस्तक सव्वाशे वर्षांनी न्याय्य व्यापाराचे चिन्ह झाले. आज जगभर ‘फेअरट्रेड’ या नावाने जी चळवळ ओळखली जाते, तिच्या मुळांपैकी हे एक.

२१/
मात्र या शिक्क्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कॉफी, कोको, केळी, चहा अशा श्रीमंत देशांत विकल्या जाणाऱ्या मालासाठी तो उपयोगी पडतो. आपल्याच तालुक्यात विकल्या जाणाऱ्या ज्वारीला, मेथीच्या जुडीला, उडदाला असा शिक्का नाही. दूरचा ग्राहक शेतकऱ्याची काळजी करतो, ही चांगलीच गोष्ट. पण जवळचा ग्राहक त्याच आठवडी बाजारात जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा न्यायाचा प्रश्न घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला असतो.

२२/
महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत मूलगामी मांडणी शरद जोशी यांनी केली. स्वित्झर्लंडमधील टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या या माणसाने ‘शेतमालाला रास्त भाव’ हा एककलमी कार्यक्रम दिला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियानात हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. १९९१ मध्ये शेगावला ‘चतुरंग शेती’ मांडली गेली : सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती.

२३/
या चार अंगांचा क्रम फार बोलका आहे. पहिले पाऊल सीताशेती : घरधनिणीच्या हातातला छोटा तुकडा, विकतच्या निविष्ठांविना, घरच्या अन्नासाठी. दुसरे माजघर शेती : घरातच प्रक्रिया. मग देशातला व्यापार आणि शेवटी निर्यात. जोशी खुल्या बाजाराचे समर्थक होते, डंकेल प्रस्तावालाही त्यांनी पाठिंबा दिला. तरीही त्यांच्या आराखड्यात जगाच्या बाजाराकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातून निघते.

२४/
याच काळात शेजारच्या कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांची रयत संघटना डंकेल प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर होती. मे १९९३ मध्ये बेल्जियममधील मॉन्स येथे ‘व्हिया कंपेसिना’ ही जागतिक शेतकरी संघटना स्थापन झाली, रयत संघटना पुढे तिच्याशी जोडली गेली. १९९६ मध्ये तिने ‘अन्न-सार्वभौमत्वा’ची कल्पना मांडली : काय पिकवायचे आणि काय खायचे हे ठरवण्याचा हक्क त्या त्या समाजाचा.
एक बाजू म्हणत होती, बाजार खुला करा म्हणजे शेतकऱ्याला न्याय मिळेल. दुसरी म्हणत होती, अन्न बाजाराच्या हवाली करू नका. वाद अजून मिटलेला नाही. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते : शेतकऱ्याच्या वतीने इतरांनी निर्णय घेऊ नयेत.

२५/
त्याच १९९३ मध्ये, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि सास्तूर परिसराची जमीन हादरली. गणेश विसर्जनानंतरची ती रात्र. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.
पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले गेले. घर कसे बांधले जाते, अनुदान कोठे अडते, याची माहिती त्या गावाला देत आणि गावाचे म्हणणे कचेरीपर्यंत नेत. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने या कामातून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था आकाराला आली.

२६/
घरे उभी राहिली, बचत गट उभे राहिले. मग २०१२ नंतरची सलग दुष्काळी वर्षे आली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सोयाबीन आणि ऊस दोन्ही जळाले. तेव्हा या स्त्रियांपुढे प्रश्न साधा होता : विकायला पीक नाही, आणि खायलाही नाही. खुरपणी, वेचणी, राखण ही सारी कामे बाईची, पण काय पेरायचे हा निर्णय तिचा नव्हता. सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसेच.

२७/
त्यातून ‘एक एकर’ शेतीचा मार्ग निघाला. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईने घरात बोलून, समजावून, कधी भांडून स्वतःकडे घ्यायचा. त्यात नगदी पीक नाही. पालेभाज्या, वेलवर्गीय भाज्या, तूर-मूग-उडीद, ज्वारी-बाजरी असे मिश्र पीक. गांडूळखत, घरचे बियाणे, ठिबकने मोजके पाणी. आधी घरचे ताट, उरलेले गावात किंवा आठवडी बाजारात. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाच्या प्रमुख संघटक म्हणून पुढे आल्या. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार स्वयम् शिक्षण प्रयोगाला मिळाला.

२८/
इतिहासाच्या दृष्टीने हे नवे आहे का? पीक पद्धत जुनीच आहे. ज्वारीच्या ओळीतले पाटे, घरचे बियाणे, ओल्या भाजीची वाफ्यातली लागवड ही आजीच्या काळातली विद्या. सीताशेतीची कल्पनाही १९९१ पासून मांडलेली. नवे आहे ते निर्णयाचे ठिकाण. १८५३ नंतर रोख साऱ्याने, १८६० च्या दशकात मँचेस्टरने, पुढे शिकागोने जो निर्णय शेतकऱ्याच्या हातून हळूहळू काढून घेतला, त्याचा एक एकराएवढा हिस्सा परत आला. आणि तो आला तो कधीच निर्णय न घेतलेल्या व्यक्तीकडे.

२९/
एक एकराची भाजी पाच एकर सोयाबीनचा तोटा भरून काढत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. लग्न, शिक्षण, दवाखाना यांना रोख पैसा लागतो आणि तो जगाच्या बाजारातूनच येतो. आयातशुल्क, हमीभावाची खरेदी, पीकविमा यांचे प्रश्न धोरणाचे आहेत, वाफ्यातली मेथी त्यांना उत्तर देऊ शकत नाही. गावची ताजी भाजी आणि जगभरच्या शेतकऱ्याला न्याय ही दोन कामे आहेत. एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

३०/
तरी ती एकमेकांना बळ देतात. ज्या घरात वर्षाचे धान्य, डाळ आणि रोजची भाजी आहे, त्या घराला सोयाबीन काढणीच्याच आठवड्यात पडेल भावाने विकण्याची घाई कमी असते. चार दिवस थांबण्याची ताकद हीच बाजारात भाव मागण्याची ताकद. पेवातली ज्वारी एकेकाळी हेच काम करत असे.
२०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. अरणच्या ज्या माळ्याने मळ्यालाच पंढरी मानले, त्याचे नाव या बाजारांना मिळाले. कोण किती यशस्वी झाले याचा हिशेब वेगळा. पण विकणारा आणि खाणारा समोरासमोर आले की भावाच्या मागचे माणूस दिसते, पेरिप्लसच्या यादीत जे दिसले नव्हते.

३१/
तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तगरच्या व्यापाराचे अवशेष तेथे काचेमागे मांडले आहेत : मणी, मृण्मूर्ती, नाणी. दोन हजार वर्षांपूर्वी जगाशी जोडलेल्या नगराचा तो पुरावा आहे. धाराशिव जगापासून तुटलेले कधीच नव्हते, आजही नाही. प्रश्न जोडले जावे की नाही हा नव्हताच. जोडणीच्या अटी कोण घालणार, हा होता.
संग्रहालय पाहून झाल्यावर तेरच्या बाजारात एखादी मेथीची जुडी घ्यावी आणि ती कोणाच्या वाफ्यातली, हे विचारावे. येळवशीची भज्जी पुन्हा स्वतःच्या शिवारातल्या दाण्यांची होईल, तेव्हा त्या अटींतली एक तरी बदललेली असेल.

(धागा समाप्त)